घोडा उतरवणारी कळ : पिस्तुलांचा एक प्रकार, त्याचे संग्राहक आणि भारतीय कायदा

अर्धस्वयंचलित पिस्तुलात मॅगझिन बसवून वरची स्लाइड मागे ओढली आणि सोडून दिली, की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिले काडतूस नळीच्या मागच्या टोकात जाऊन बसते आणि घोडा, म्हणजे सुईवर आघात करणारी छोटी हातोडी, मागे चढून अडकतो. यानंतर चापावर थोडासा दाबही पुरतो. परंतु गोळी झाडण्याची गरजच उरली नाही, तर चढलेला घोडा खाली कसा आणायचा? घोडा अंगठ्याने रोखून धरायचा, चाप ओढायचा आणि घोडा अलगद खाली सोडायचा, ही जुनी रीत. घामाने ओला झालेला अंगठा निसटला की गोळी सुटलीच. हे काम अंगठ्याकडून काढून यंत्राकडे सोपवणारी कळ म्हणजे डीकॉकिंग लिव्हर. काही पिस्तुलांत ती स्लाइडवर असते, तर काहींत मुठीच्या वरच्या बाजूला, न हलणाऱ्या फ्रेमवर. या दुसऱ्या प्रकारच्या पिस्तुलांचा संग्रह ही युरोप-अमेरिकेतील शस्त्रसंग्राहकांची एक स्वतंत्र शाखा आहे.

महाराष्ट्रात असा संग्रह दुकानातून सुरू होत नाही. तो सुरू झालाच तर वारसाहक्काने होतो. आजोबांच्या परवान्यावरचे जुने जर्मन किंवा इंग्रजी पिस्तूल कपाटात वा ट्रंकेत राहिलेले असते आणि ते गेल्यावर त्याचे काय करायचे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. अशा वेळी दोन गोष्टींचे अज्ञान महागात पडते. एक त्या कळीचे आणि दुसरे कायद्याचे.

कळ कुठे, यावर बरेच काही अवलंबून

घोडा उतरवण्याची यांत्रिक सोय लोकप्रिय केली ती जर्मनीच्या वाल्थर कंपनीने. १९२९ मध्ये बाजारात आलेल्या वाल्थर पीपी या पिस्तुलात स्लाइडवरची कळ खाली केली की सुई अडवली जाई आणि घोडा खाली येई. चाप लांबवर ओढून पहिली गोळी झाडता येत असल्याने घोडा उतरवलेले पिस्तूलही तत्काळ वापरता येत असे. पुढे जर्मन सैन्याच्या पी-३८ मध्येही हीच योजना आली.

वाल्थरशी स्पर्धा करणाऱ्या सुल येथील जे. पी. सॉअर अँड झोन या कंपनीने १९३८ मध्ये वेगळा मार्ग धरला. तिच्या '३८ एच' या ७.६५ मिलिमीटरच्या पिस्तुलात कळ चापाच्या मागे, फ्रेमच्या डाव्या बाजूस होती. नावातील 'एच' म्हणजे 'हान', जर्मन भाषेत घोडा. गंमत अशी, की या पिस्तुलाचा घोडा स्लाइडच्या आत दडलेला असल्यामुळे तो दिसतच नाही. आणि ती कळ दोन्ही कामे करते. घोडा चढलेला असेल तर ती त्याला उतरवते, उतरलेला असेल तर चढवते. माहितगाराच्या हातात ही सोय अत्यंत चतुर ठरते. अनभिज्ञाच्या हातात मात्र, सुरक्षित करण्याच्या हेतूने दाबलेली कळ पिस्तूल सज्ज करून ठेवू शकते.

१९४५ मध्ये सुल गावाचा ताबा प्रथम अमेरिकनांकडे आणि नंतर रशियनांकडे गेला. सॉअर कंपनीची घडी पुढे पश्चिम जर्मनीतील एकर्नफर्ड येथे पुन्हा बसली. तिचा आणि स्वित्झर्लंडच्या 'सिग' या कंपनीचा संबंध जुळला तो स्विस शस्त्रनिर्यातीवरील निर्बंधांमुळे. आरेखन स्विस, उत्पादन जर्मन, अशी ही भागीदारी होती. तिच्यातून आलेले पी-२२० हे पिस्तूल १९७५ मध्ये स्विस सैन्याने स्वीकारले. फ्रेमवरच्या कळीचा खरा प्रसार येथून झाला. सिगच्या कळीला एकच काम असते. ती खाली दाबली की घोडा उतरतो आणि सोडताच कळ आपल्या जागी परत येते. स्वतंत्र सुरक्षा-खटका त्यात नाहीच. चाप पूर्ण ओढल्याशिवाय सुई पुढे जाऊ नये, यासाठी आत वेगळा अडसर असतो.

त्याच दशकात पश्चिम जर्मन पोलिसांना नव्या पिस्तुलाची गरज भासली. खटका उघडण्यात क्षणही जाऊ नये आणि खिशात पिस्तूल सुरक्षितही राहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. सिग-सॉअर पी-२२५ (पोलिसांच्या भाषेत पी-६) आणि वाल्थर पी-५ ही त्या मागणीची अपत्ये. दोन्हींत कळ फ्रेमवर आहे. पी-५ मध्ये तर तीच कळ मागे अडकलेली स्लाइड सोडण्याचेही काम करते. हेकलर अँड कोख कंपनीच्या पी-९ एस मध्ये सॉअरप्रमाणे चढवणे-उतरवणे एकाच कळीकडे होते. याच कंपनीच्या १९९३ मधील यूएसपीच्या मूळ प्रकारात कळीला तीन जागा दिल्या गेल्या : वर सुरक्षित, मधे सज्ज आणि खाली दाबताच घोडा उतरलेला. चेक प्रजासत्ताकातील सीझेड-७५ चा 'बीडी' हा प्रकार आणि ब्राझीलच्या टॉरस पीटी-९२ च्या नंतरच्या आवृत्त्या ही याच कुळातील आणखी दोन नावे.

फ्रेमवरच्या कळीचा फायदा उघड आहे. ती अंगठ्याखाली येते, मूठ सोडावी लागत नाही आणि स्लाइड ओढताना चुकून तिला धक्का लागत नाही. तोटा मात्र संग्राहकालाच जाणवतो. चार पिस्तुले टेबलावर ओळीने मांडली तर 'कळ खाली' या एकाच हालचालीचे चार अर्थ निघू शकतात. वाल्थर पीपीमध्ये कळ खाली म्हणजे सुरक्षित. जुन्या कोल्ट १९११ मध्ये खटका खाली म्हणजे गोळीस सज्ज. यूएसपीमध्ये सज्ज स्थितीतून आणखी खाली दाबली की घोडा उतरतो. सॉअर ३८ एच मध्ये काय होईल, ते घोड्याच्या आधीच्या स्थितीवर ठरते. एका पिस्तुलावर मुरलेली अंगठ्याची सवय दुसऱ्यावर घात करते, ती अशी.

आणि सगळ्यांत घातक समज म्हणजे घोडा खाली आहे, त्या अर्थी पिस्तूल रिकामे आहे. डीकॉकिंग लिव्हर घोडा उतरवते, नळीतले काडतूस काढत नाही. घोडा उतरवलेल्या सिगमध्ये काडतूस असेल, तर चाप लांब आणि जड ओढल्यावर गोळी सुटणारच. ते पिस्तूल त्याचसाठी बनवले आहे. मॅगझिन काढून घेतले तरी नळीतले काडतूस तिथेच राहते.

संग्राहक काय पाहतात

जिथे कायदा मोकळीक देतो, तिथे या पिस्तुलांचा संग्रह म्हणजे बव्हंशी खुणा वाचण्याची विद्या आहे. पश्चिम जर्मनीत तपासणी झालेल्या शस्त्रावर चाचणीगृहाचे चिन्ह आणि वर्षाची दोन अक्षरे असतात. 'ए' म्हणजे ०, 'बी' म्हणजे १ असे मोजत जायचे. 'आय' वगळले जाते, म्हणून 'जे' म्हणजे ८ आणि 'के' म्हणजे ९. 'जेजे' दिसले तर वर्ष १९८८, 'केबी' दिसले तर १९९१. जुन्या सिग पिस्तुलांच्या स्लाइड पोलादी पत्रा घडवून केलेल्या आहेत, नंतरच्या अखंड पोलादातून कोरलेल्या. 'मेड इन वेस्ट जर्मनी' हा ठसा १९९० च्या एकीकरणानंतर कालबाह्य झाला आणि नेमका म्हणूनच हवाहवासा वाटू लागला. सॉअर ३८ एच मध्ये जर्मन पोलिसांचे ठसे असलेले नग, तसेच युद्धाच्या अखेरीस घाईने जुळवलेले, ओबडधोबड पृष्ठभागाचे नग वेगळे मानले जातात. नग देखणा असण्यापेक्षा त्याच्या सर्व भागांवरचे क्रमांक जुळणे, मूळ मॅगझिन आणि मूळ चामडी म्यान सोबत असणे यांना अधिक मोल आहे. पुन्हा चकचकीत केलेले पिस्तूल नवख्याला आवडते आणि जाणकार ते खाली ठेवतो.

या आवडीला आणखी एक कारण आहे. हे प्रकरण आता संपत आले आहे. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीने १९८० च्या दशकात घोडाच नसलेले पिस्तूल रूढ केले. घोडा नाही, मग तो उतरवण्याची कळ कशाला? अमेरिकी सैन्याने २०१७ मध्ये निवडलेले सिगचेच पी-३२० हेही बिनघोड्याचे आहे. अमेरिकेत ५० वर्षे वय झालेल्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा स्वतंत्र परवाना १९६८ च्या कायद्यानुसार मिळतो. सॉअर ३८ एच त्या वयोमर्यादेत केव्हाच बसले.

मुकुटबनमधून पाहिले तर

भारतात चित्र मुळातच निराळे आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनचा परिसर घ्या. कापसाची आणि तुरीची शेते, पलीकडे जंगल, शिवाय कोळसा आणि सिमेंट. रानडुकरांनी हैराण झालेल्या अशा भागात बंदूक आठवते ती पिकाच्या राखणीसाठी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ नेही पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी दखल घेतली आहे. पिस्तुलाचे तसे नाही. त्यासाठी अर्जदाराला आपल्या जिवाच्या धोक्याचे वा अन्य सबळ कारण द्यावे लागते, स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल जातो आणि निर्णय यवतमाळच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असतो. पोलीस आयुक्तालय असलेल्या नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांत हा अधिकार आयुक्तांचा. 'मला जमवायची आवड आहे' हे कारण या चौकटीत टिकत नाही.

दुसरा अडसर काडतुसाच्या मापाचा. ज्या पिस्तुलात सैन्याचे ९ मिलिमीटर काडतूस चालते, ते शस्त्र नियमांप्रमाणे निषिद्ध वर्गात येते आणि त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही. ती बाब केंद्रीय गृह मंत्रालयाची. फ्रेमवर कळ असलेली बहुतेक नामांकित पिस्तुले, म्हणजे पी-२२५, पी-२२६, पी-५, सीझेड, टॉरस, ही सर्व ९ मिलिमीटरचीच. सामान्य परवान्याच्या कक्षेत येऊ शकतात ती ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'पॉइंट ३२ बोअर' म्हणतात ती. या कुळात अशी दोनच नावे ठळक आहेत : सॉअर ३८ एच आणि १९७७ मधील सिग-सॉअर पी-२३०. त्यातही, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना शस्त्रे आयात करण्याची वाट जवळजवळ बंद आहे. अपवाद नामवंत नेमबाजांचा. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिच्यासारख्या खेळाडू वापरतात ती पिस्तुले मात्र लक्ष्यवेधासाठी घडवलेली असतात. त्यांचा या कळीशी संबंध नाही. देशातील सैन्याने आणि पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेले ईशापूरचे '९ मिलिमीटर १ ए' हेही ब्राउनिंगच्या धर्तीचे असल्याने त्यात घोडा उतरवणारी कळ नाही. जुन्या घरांत आढळणाऱ्या वेब्ली अँड स्कॉटच्या पॉइंट ३२ पिस्तुलातही नाही. तिथे अंगठ्याचाच भरवसा.

तिसरी मर्यादा संख्येची. १९८३ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीन शस्त्रांची मुभा होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली आणि जास्तीचे शस्त्र जमा करण्यास एक वर्षाची मुदत मिळाली. वारसाने आलेले शस्त्रही या दोनातच मोजायचे, हे त्या दुरुस्तीत स्पष्ट केले आहे. तीन पिढ्यांची तीन पिस्तुले जपणाऱ्या घराला त्यातले एक सोडावे लागले. भावनेला कायद्यात रकाना नसतो, हे खरे. तरी दोन्ही बाजूंनी पाहता, वापरात नसलेल्या शस्त्रांची घरोघरची संख्या कमी व्हावी, हा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती करून 'क्युरिओ' वर्गातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी परवान्याची अट काढली. ती वापरण्यास, बरोबर नेण्यास वा त्यांच्यासाठी काडतुसे घेण्यास मात्र परवाना लागतोच. शस्त्र जुने दिसते एवढ्यावरून ते क्युरिओ ठरवण्याची घाई कोणी करू नये. मूळ अधिनियमाच्या कलम ४५ मध्येही पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनसुद्धा चालू शकत नसेल तरच. ३८ एच तेल घातल्यावर चालते.

वारसाने काय करावे

परवानाधारक निवर्तल्यावर त्याचे शस्त्र घरात ठेवून देणे हा गुन्हा ठरू शकतो. कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. विनापरवाना साधे शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. निषिद्ध वर्गातील शस्त्रासाठी ही मर्यादा सात ते चौदा वर्षांची. जमा केले म्हणजे शस्त्र गेले, असे मात्र नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ अन्वये कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. शिवाय धारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षे शस्त्र बाळगले, की हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची तरतूद आहे. वडील हयात असताना हे काम उरकणे केव्हाही श्रेयस्कर, कारण नळीत काडतूस आहे की नाही, हे ठाऊक असलेला माणूस तेव्हा समोर असतो.

तो माणूस नसेल तर कपाटातल्या पिस्तुलाची कोणतीही कळ, खटका वा चाप हलवून पाहू नये. ते पोलीस ठाण्यात घेऊन जाण्यापेक्षा ठाण्याला कळवून माहितगार अंमलदाराला किंवा शस्त्रविक्रेत्याला घरी बोलावणे बरे. नळी रिकामी झाल्यावर पिस्तुलाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक, मॅगझिनांची संख्या आणि काडतुसांची संख्या हे पाचही तपशील उतरवून घ्यावेत. एकाच क्रमांकाचे मॅगझिन वेगळे पडले, की पुढे ते जुळवणे अवघड होते. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे परवान्यावरची शस्त्रे जमा करावी लागतात, तेव्हाही हीच पावती कामी येते.

ज्यांना केवळ पाहायचे आहे, त्यांच्यासाठी संग्रहालये आहेत. विदर्भातील वाचकांना जवळचे म्हणजे १८६३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी 'अजब बंगला'. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही शस्त्रे आहेत. तिथे भर आहे तो तलवारी, कट्यारी आणि तोड्याच्या बंदुकांवर.