घरच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्यात? आधी त्या जगवायच्या कशा ते वाचा

परसात चार-पाच कोंबड्या असल्या की घरापुरत्या अंड्यांची सोय होते. खेड्यात हे पूर्वापार चालत आलंय, आता शहराच्या कडेला बंगला किंवा थोडी जागा असलेले लोकही याचा विचार करू लागलेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती जात जास्त अंडी देते?"

पण परसातलं कोंबडीपालन कमी अंड्यांमुळे सहसा बंद पडत नाही. ते बंद पडतं रात्री खुराड्यात घुसलेल्या मुंगसामुळे, नाहीतर आठवड्याभरात सगळ्या कोंबड्या नेणाऱ्या मानमोडीमुळे.

अंड्यांसाठी कोंबडा लागतो का?

नाही. तलंग साधारण ५ ते ६ महिन्यांची झाली की कोंबडा नसतानाही अंडी देते. त्या अंड्यांतून पिल्लं मात्र निघत नाहीत. पिल्लं हवी असतील तरच कोंबडा ठेवा. अंडी उबवायला २१ दिवस लागतात.

कोणती कोंबडी घ्यावी?

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. ती काटक असते, स्वतः चरते आणि खुडूक झाली की अंड्यांवर बसून पिल्लंही काढते. मात्र खुडूक असताना आणि पिल्लं सांभाळताना तिची अंडी बंद असतात.

हैदराबादला विकसित झालेली ग्रामप्रिया परसात वर्षाला साधारण १६० ते १८० अंडी देते. ती सहसा खुडूक होत नाही. म्हणून बरेच जण ग्रामप्रियासोबत एखादी गावरान कोंबडी ठेवतात आणि तिच्याखाली अंडी बसवतात.

झाबुआचा कडकनाथ काळ्या मांसासाठी प्रसिद्ध आहे. फक्त अंड्यांसाठी मात्र तो फायद्याचा नाही.

कवचाचा रंग जातीवर ठरतो. तपकिरी अंडं म्हणजे जास्त पौष्टिक, असं काही नसतं. बलक गडद होतो तो हिरवा चारा, मका अशा खाण्यामुळे.

परवडतं का?

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य लागतं. पाच कोंबड्यांचे महिन्याला सुमारे साडेसोळा किलो होतात. पाच ग्रामप्रियांची महिन्याला ७५ च्या आसपास अंडी धरली, तर एका अंड्यामागे सुमारे २२० ग्रॅम खाद्य जातं. तुमच्या गावातल्या खाद्याच्या भावाने हे गुणून पाहा. सगळं खाद्य विकत आणलं तर अंडं फारसं स्वस्त पडत नाही, आणि गावरान कोंबडीचं तर त्याहून महाग पडतं.

गणित जमतं ते कोंबडी चरते तेव्हा. किडे, गवत, भाजीचे देठ, उरलेला भात, निवडलेल्या धान्याची कणी यांवर तिचं बरंचसं पोट भरतं. वरून थोडं लेयर खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात घालू नका. त्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं.

खुराडं कसं असावं?

रात्री एका कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा मिळावी. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. जाळी बारीक भोकांची हवी, मोठ्या भोकांतून साप सहज आत येतो. दिवे लागायच्या वेळी कोंबड्या मोजून दार लावा आणि कडी घाला. मुंगूस, रानमांजर आणि कुत्रं यांना एक चुकलेली रात्र पुरते.

खाली भाताचं तूस पसरा आणि ते कोरडं ठेवा. पावसाळ्यात ओल राहिली की पिल्लांना रक्ती हगवण लागते.

मानमोडी: सगळ्यात मोठा धोका

राणीखेत या विषाणूजन्य रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. कोंबडी सुस्त होते, हिरवट पातळ हगते, तोंड उघडून श्वास घेते, काहींची मान पिळल्यासारखी वाकडी होते. यावर औषध नाही, उपाय फक्त लसीचा. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी ही लस देतात. मधले डोस आणि देवीची लस यांचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या.

अडचण अशी, की लसीची कुपी साधारण १०० किंवा जास्त डोसांची असते आणि फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून लस राहून जाते. उपाय सोपा आहे. वस्तीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवावा, बर्फात ठेवून एक कुपी आणावी आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एकदमच द्यावी. शेजाऱ्याच्या कोंबड्या सुरक्षित असल्या तर तुमच्याही जास्त सुरक्षित राहतात.

नवीन आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. बाजारातून रोग घरी येतो तो बहुतेकदा तिच्यासोबतच. आजारी कोंबडी कापू नका, स्वस्तात विकूही नका. मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. भारतातल्या पहिल्या बर्ड फ्लूची नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. तेव्हा पोल्ट्री फार्मसोबत आसपासच्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

अंडी अचानक कमी झाली तर?

दरवेळी आजारच असतो असं नाही. चांगल्या अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचाच असतो. पिसं झडण्याच्या काळातही अंडी थांबतात. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी कमी पडलं की कवच पातळ होतं. हे सगळं ठीक असेल आणि तरी कोंबडी खात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

खुराडं साफ केल्यावर साबणाने हात धुवा आणि अंडी नीट शिजवून खा. शहरात राहत असाल तर कोंबड्या आणण्याआधी सोसायटी आणि महापालिकेचे नियम विचारून घ्या.