पाठीचे पोलाद : रिव्हर्सो घड्याळाचा इतिहास

मनगटी घड्याळाचा पुरुषवर्गात सर्रास प्रसार पहिल्या महायुद्धानंतर झाला. मात्र खिशात सुरक्षित असलेली काच मनगटावर येताच धक्क्यांच्या तोंडी सापडली आणि पोलोसारख्या खेळात चेंडूच्या किंवा काठीच्या एका फटक्याने ती फुटू लागली. हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची हीच तक्रार स्विस व्यापारी सेझार द त्रे यांच्या कानी आली व तिच्यातून रिव्हर्सोचा जन्म झाला, असे ते बनवणाऱ्या कंपनीच्या परंपरेत सांगितले जाते. द त्रे यांनी हा प्रश्न झू खोऱ्यातील घड्याळ-उत्पादक झाक-दाविद लकूल्त्र यांच्यापुढे ठेवला, अभियंता रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी त्याची रचना सोडवली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला.

या रचनेत आयताकृती केस, म्हणजे यंत्र व तबकडी सामावणारी धातूची पेटी, पट्ट्याला जोडलेल्या बैठकीवर बसवलेली असते. ती खोबणीतून एका बाजूला सरकवून उलटी केली आणि पुन्हा जागेवर ढकलली, की काच आत जाते व पाठीचा सपाट पत्रा वर येतो. काचेला आडोसा म्हणून आलेला हा पत्रा घेणाऱ्यांना कोराच कसा ठेववेल? त्यावर आद्याक्षरे, राजचिन्हे कोरली गेली आणि इनॅमलची, म्हणजे भट्टीत भाजून पक्क्या केलेल्या काचरंगांची, चित्रेही आली. वैमानिक अमेलिया एअरहार्टने १९३५ मध्ये मेक्सिको सिटीहून न्यूयॉर्कच्या परिसरापर्यंत केलेल्या उड्डाणाचा मार्ग अशाच एका पाठीवर कोरलेला आहे.

पुढे गोल घड्याळांची चलती झाली, रिव्हर्सोचे उत्पादन थांबले आणि बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झ घड्याळांच्या लाटेत स्विस यांत्रिक घड्याळांच्या धंद्यापुढे संकट उभे राहू लागले. अशा वेळी, १९७२ मध्ये, इटालियन वितरक जॉर्जो कोर्व्हो यांनी लकूल्त्रच्या ल सांतिए येथील कारखान्यात पडून असलेल्या २०० रिकाम्या केस विकत घेतल्या, त्यांत यंत्रे बसवली आणि ती घड्याळे पाहता पाहता विकून टाकली. रिव्हर्सोच्या पुनरुज्जीवनाचे श्रेय निर्मात्यांइतकेच या विक्रेत्याच्या पारखी नजरेला द्यायला हवे.

संग्राहकाच्या दृष्टीने प्रारंभीच्या प्रतींचे मोल मूळ तबकडीवर आणि न घासलेल्या केसवर ठरते. लकूल्त्रचे स्वतःचे आयताकृती यंत्र १९३३ मध्ये आले. त्याआधी बाहेरून घेतलेली यंत्रे वापरली जात, त्यामुळे जुन्या रिव्हर्सोत परके यंत्र दिसले तर ते खोटेच, असे समजणे चुकीचे ठरते. त्याहून मोठा घात पॉलिश करतो : कडा बोथट होतात, कोरीव अक्षरे पुसट होतात आणि घड्याळ कोणाचे होते हे सांगणारी एकमेव खूण नाहीशी होते. जुने रिव्हर्सो ज्याच्या हाती येईल त्याने यंत्राची साफसफाई अवश्य करून घ्यावी. पाठीला मात्र हात लावू देऊ नये.