"अजून परीक्षाच देतोय का?" असं विचारण्याआधी



रविवारी घरी फोन लावला की बोलणं फिरून फिरून एका प्रश्नावर येतं. "धाकट्याचं काय? अजून एमपीएससीच का?" पलीकडे वहिनी क्षणभर गप्प होतात, मग म्हणतात, "हो ना, या वेळी पूर्व निघालीये, मुख्य बाकी आहे." आपण "बरं बरं" म्हणतो. फोन ठेवल्यावर मात्र आपसांत बोलतो, एवढ्या वर्षांत इकडे दोन डिग्र्या झाल्या असत्या. आणि तो धाकटा? तो हळूहळू आपला फोन घ्यायचाच बंद होतो.

म्हणून आज या परीक्षेचा थोडा इतिहास. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुलांना ती द्यायची नाहीये, पण घरातलं कोणी ना कोणी तिच्यात अडकलेलं आहेच. शिवाय या गोष्टीची सुरुवात आपल्यासारखीच, घरापासून लांब झाली.

१८५५ साली लंडनमध्ये आयसीएसची पहिली खुली स्पर्धा परीक्षा झाली. त्याआधी कंपनीच्या संचालकांच्या ओळखीवर नेमणुका व्हायच्या. परीक्षा आली आणि वशिला गेला, हे मानायलाच हवं. पण गुणांची वाटणी बघा: ग्रीकला ७५०, लॅटिनला ७५०, संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. कागदावर परीक्षा सगळ्यांना खुली होती, पण अभ्यासक्रम ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुलाच्या मापाने शिवलेला होता. त्यात परीक्षा फक्त लंडनला. म्हणजे आधी बोटीचं भाडं, तिकडचा राहण्याचा खर्च, आणि घरच्यांचा समुद्र ओलांडायला विरोध.

तरी आपली माणसं गेली. १८६९ साली चार हिंदी तरुण पास झाले. तिघे बंगाली आणि चौथे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. पास झाल्यावर ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोघांना वयाच्या मुद्द्यावर बाद केलं गेलं. आपल्याकडे वय कसं सांगायचे ते तुम्हाला माहीत आहे: सोळावं लागलं की सोळा. इंग्रज मोजणार पूर्ण झालेली वर्षं. त्या एका वर्षाच्या फरकावर दोघांची नोकरी जायची वेळ आली. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा कुठे त्यांना परत घेतलं. व्हिसाच्या फॉर्मवर जन्मतारखेच्या एका आकड्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे १८७०च्या दशकात वयाची वरची मर्यादा २१ वरून १९ वर आणली. एकोणिसाव्या वर्षापर्यंत हिंदुस्थानातल्या मुलाने इंग्रजी शिकायचं, लॅटिन शिकायचं, विलायतेला जायचं आणि तिथल्या मुलांना हरवायचं! परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी दादाभाई नौरोजींसारख्यांनी लावून धरली. १८९३ साली हाऊस ऑफ कॉमन्सने तसा ठरावही केला, पण तो अमलात आला नाही. हिंदुस्थानात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं.

चिंतामणराव देशमुख १९१८ साली आयसीएसमध्ये पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण तितक्याच हुशार किती मुलांना मुंबईच्या धक्क्यापर्यंतही पोचता आलं नसेल, हेही सोबत सांगावं.

१९२६ साली केंद्रीय लोकसेवा आयोग आला. १९३७ साली मुंबई आणि सिंध या प्रांतांसाठी मिळून एक आयोग झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, त्याच दिवशी आपला महाराष्ट्र लोकसेवा आयोग, म्हणजे एमपीएससी, सुरू झाला. दिल्लीची परीक्षा मात्र स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं इंग्रजीतच राहिली. कोठारी समितीच्या अहवालानंतर १९७९ साली पूर्व, मुख्य, मुलाखत अशी रचना आली आणि मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येऊ लागली. झेडपीच्या शाळेत शिकलेल्या मुलासाठी केवढा मोठा बदल होता हा!

आता आपल्या धाकट्याकडे येऊ. त्याच्या राज्यसेवेचा अभ्यासक्रमही स्थिर राहिलेला नाही. आधी मुख्य परीक्षा लेखी होती, वैकल्पिक विषय होते. २०१२ पासून सहा पेपर, ८०० गुण, आणि जवळपास सगळं चार पर्यायांतून एक निवडायचं. मग तयारीही तशीच झाली. पाचवी ते बारावीची स्टेट बोर्डाची पुस्तकं पाठ, जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवायच्या, कलमं आणि सनावळ्या डोक्यात कोंबायच्या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी खुर्ची धरायची, मेसच्या डब्यापुरतं उठायचं.

जून २०२२ मध्ये आयोगाने जाहीर केलं की मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक होणार, यूपीएससीसारखी. नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी फक्त पास होण्यापुरते. बाकी निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. हे २०२३ पासूनच लागू होणार होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाने बदल २०२५ वर ढकलला.

कोण बरोबर होतं? उद्याच्या तहसीलदाराला चार ओळी नीट लिहिता यायलाच हव्यात, आणि एकाच तयारीवर दिल्लीचीही परीक्षा देता येते. हे पटण्यासारखं आहे. पण पर्याय निवडायचा सराव चार-पाच वर्षं केलेल्या, शेत गहाण ठेवून क्लासची फी भरलेल्या मुलाला नव्याने वैकल्पिक विषय धरायचा, त्याची चांगली पुस्तकं मराठीत शोधायची, उत्तरं लिहायला शिकायचं. त्याचाही राग खोटा नव्हता.

दीडशे वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. काय विचारायचं हे ठरलं की कोण आत येणार हेही बरंचसं ठरतं. कधी ते लॅटिनने ठरवलं, कधी वयाने, कधी इंग्रजीने, कधी क्लासच्या फीने. त्यामुळे धाकटा पुन्हा राहिला, यात दरवेळी त्याचाच आळस असतो असं नाही.

दुसरी बाजूही आहे. खुल्या गटाची वयोमर्यादा २०१६ साली ३३ वरून ३८ झाली. तेव्हा १९ च्या अटीने मुलांना बाहेर ठेवलं होतं. आज ३८ ची सवलत काहींना आतच अडकवून ठेवते. जागा थोड्या, बसणारे लाखो. म्हणून "दुसरं काही ठरवलंयस का?" हे विचारायला हवंच. पण एकदाच, त्यालाच, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर स्पीकरवर नको.

या रविवारी फोन कराल तेव्हा आधी एवढंच विचारून बघा: "वैकल्पिक कुठला घेतलास? पेपर मराठीतून लिहिणारेस का?" आपल्या अभ्यासाबद्दल कोणीतरी नीट विचारतंय म्हटल्यावर पोरगा बहुतेक दहा मिनिटं तरी बोलेल. मग पैशाचं, पुस्तकांचं, पुढच्या वाटेचं बोलणं आपोआप निघेल.

तुमच्या घरात कोणी ही परीक्षा दिली असेल, लागलेलं असो वा राहिलेलं, तर त्यांची आठवण खाली नक्की लिहा. आपल्या पोरांनाही वाचून दाखवू.