तीन परीक्षार्थी, बारा तास

१९१३ साली केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा पहिल्यांदा घेतली. बसले अवघे तीन जण. भाषांतर, व्याकरण, निबंध, शेक्सपिअर, उच्चारशास्त्र आणि तोंडी, असं सगळं मिळून बारा तासांचं प्रकरण. फी ३ पौंड. तिघेही नापास!

हे मी परवा फोनवर भाचीला सांगितलं तेव्हा ती आठवडाभरात पहिल्यांदा हसली. "म्हणजे मामा, मी एकटीच नाही." ती पुण्यात नर्स आहे. इंग्लंडला जायचं तर तिथल्या नर्सिंग परिषदेला आयईएल्टीएसमध्ये लेखनात ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ लागतात. तिला लेखनात ६ मिळाले. अर्ध्या गुणाने वर्ष हुकतंय आणि पुन्हा फी भरायची आहे. "मामा, तुम्ही जीआरईला कुठली शब्दांची यादी पाठ केली होती? तीच पाठवा ना," म्हणाली.

यादी मला आठवत होती. १९९४ साली सदाशिव पेठेतल्या खोलीत बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातले साडेतीन हजार शब्द मी ए पासून घोकत होतो. आजोबांना अमरकोश पाठ होता, त्यामुळे घरात कुणालाच यात काही विचित्र वाटलं नाही. फरक एवढाच की अमरकोश श्लोकात आहे, चालीवर म्हणता येतो.

पण १९१३च्या त्या प्रश्नपत्रिकेत घोकंपट्टी फारशी चालली नसती. 'कमेन्स', 'कमेंट', 'कमेंड' असे एकमेकांसारखे दिसणारे शब्द देऊन, अर्थ नीट कळल्याचं दिसेल अशी वाक्यं करायला सांगितली होती. निबंधाच्या विषयांत एक होता 'द इंडियन म्युटिनी'. चारच वर्षांपूर्वी, त्याच इंग्लंडात राहून सावरकरांनी त्याच घटनेवर लिहिलेल्या पुस्तकावर सरकारने बंदी घातली होती. त्यात शब्द होता स्वातंत्र्यसमर. आपल्याकडचा कुणी तिथे परीक्षेला बसला असता तर त्याची पंचाईत पहिल्या ओळीपासूनच झाली असती.

सुटे शब्द विचारून चार पर्यायांतून एक निवडायला लावणं हे पुढचं, मुख्यतः अमेरिकेचं काम. १९६४ साली टोफेल सुरू झाली. हजारोंच्या उत्तरपत्रिका तपासायच्या तर ते सोयीचंही होतं. आमच्या जीआरईत विरुद्धार्थी शब्द असत. त्यात वाक्य लिहायची वेळच येत नसे. १९९५ साली टोफेलने सुटे शब्द विचारणं बंद केलं, २०११ साली जीआरईने विरुद्धार्थी काढून टाकले. माझ्या साडेतीन हजारांचं दुकान बसलं.

दुसऱ्या एका यादीचं मूळ मात्र थेट ढाक्यात सापडतं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं अर्ध्यातच शाळा सोडतात, आणि तोवर शिकलेलं इंग्रजी कशालाच पुरत नाही, हे त्यांनी पाहिलं. म्हणून त्यांनी क्रमिक पुस्तकांतले दुर्मीळ शब्द काढून रोजचे घातले. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. २००० साली न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ती बाजूला ठेवून, विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं मोजून काढली. बॅरन्सने अवघड शब्द गोळा केले होते, या दोघांनी लागणारे. मला हे पुण्यात कुणी सांगितलं असतं तर एक उन्हाळा वाचला असता.

आयईएल्टीएसमध्ये शब्दांचा वेगळा पेपरच नाही. लेखनाचे पाव गुण शब्दसंपत्तीला, पण सातच्या पट्टीत शब्दाचा शेजारही पाहतात. झोप गाढ असते आणि जंगल घनदाट. 'घनदाट झोप' लिहिणाऱ्याला दोन्ही शब्द येत असतात, तरी आपण हसतोच.

भाचीने तिचा निबंध वाचून दाखवला. विषय वृद्धांची काळजी. दुसऱ्याच ओळीत 'प्लेथोरा ऑफ ओल्ड पीपल'.

"हा शब्द वॉर्डात कधी वापरतेस?"

"बाळ लालबुंद असलं तर. प्लेथोरिक बेबी."

मुळात तो वैद्यकातलाच शब्द, अंगात रक्त फार झाल्याचा. पुढे कशाचाही अतिरेक झाला की वापरू लागले. म्हणजे तिने निबंधात म्हाताऱ्यांचा अतिरेक झालाय असं लिहून ठेवलं होतं, आणि नोकरी मागत होती त्यांच्याच सेवेची! तिने तो शब्द खोडला. मग विचारलं, "मामा, नुसतं 'मेनी' लिहिलं तर गुण कापतील का हो?"

रविवारी ती रात्रपाळीच्या नोंदी इंग्रजीत कशा लिहिते ते मला वाचून दाखवणार आहे. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.