कुलूप कुणाला लागतं?

आज चाळिशीत असलेल्या सांगोलेकरांनी लहानपणी टीव्हीला जोडून मारिओ, कॉन्ट्रा खेळलंय. त्या कॅसेटी बहुतेक नकली होत्या. कारण साधं आहे. निन्टेंडोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉम मशीनमध्ये नक्कल ओळखणारी चिपच नव्हती. १९८५ ला अमेरिकेत विकलेल्या मशीनला ती बसवली. आपल्याकडं आल्या त्या बिनकुलपाच्या मशीनच्या नकला.

पुढं कन्सोलवाल्यांनी कुलूप मशीनच्या पोटातच ठेवलं. अस्सल डिस्क घाला आणि खेळा, गिऱ्हाईकाला कुलूप दिसतच नाही.

कॉम्प्युटरवर मात्र उलटं झालं. २००८ साली 'स्पोर' ही गेम आली. पैसे मोजून घेतली तरी सुरुवातीला तीनच कॉम्प्युटरवर चालू करता यायची. चोरून घेणाऱ्याला ही अट नव्हती! म्हणजे चोर मोकळा आणि पावतीवाला अडकलेला.

हे बदललं ते सोयीनं. २००३ ला सुरू झालेल्या स्टीमवर एकदा घेतलेली गेम कुठल्याही कॉम्प्युटरवर पुन्हा उतरवता येते. कुलूप तिथंही आहे, पण आड येत नाही. नोव्हेंबर २०१५ पासून तिथं किंमतीही रुपयांत आल्या.

सरळ वाट सोपी आणि परवडणारी असली, की बरीच माणसं मागच्या दारानं जात नाहीत.

तुम्ही पैसे देऊन घेतलेली पहिली अस्सल गेम कुठली? खरं सांगा!