मेलेलं माकड आणि माकडताप

जोगचा धबधबा, सागर, शिमोगा या बाजूला तुम्ही कधी तरी गेला असाल, निदान जायचा बेत तरी असेल. रस्त्याच्या कडेला माकडांच्या टोळ्या बसलेल्या असतात आणि गाडी थांबवून मुलं त्यांना बिस्किटं देतात. माकड चावलं तर काय करायचं, हे पेशंट मला हमखास विचारतात. (थोडक्यात सांगतो: जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. ओरखडा असला तरीसुद्धा.) पण जंगलात माकड मरून पडलेलं दिसलं तर काय, हे सहसा कोणी विचारत नाही. त्यामागची गोष्ट याच शिमोगा जिल्ह्यात सुरू झाली.

१९५७ च्या सुरुवातीचे महिने. क्यासनूर जंगलाच्या आसपास वानरं आणि माकडं मरून पडू लागली. त्याच भागातल्या खेड्यांत लाकूडफाटा आणायला, गुरं चारायला रानात जाणारी माणसंही तापानं फणफणली. डोकं फुटेल असं दुखायचं, अंग ठेचल्यासारखं व्हायचं, काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त यायचं. दोन्हींचा संबंध गावकऱ्यांनी आधीच जोडला होता. कन्नडमध्ये त्यांनी या आजाराला नाव दिलं ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार.

तपासाला गेली ती आपल्या पुण्याची माणसं. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं होतं, तेच आजचं एनआयव्ही. तेव्हा त्याचे प्रमुख होते डॉ. टेलफोर्ड वर्क. या पथकाच्या मनात धास्ती होती पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वर माणसांत येण्याआधी माकडं मरतात, हे तोवर माहीत झालेलं होतं. पीतज्वर पसरवणारा एडिस डास भारतात मुबलक, लस घेतलेलं जवळपास कोणी नाही, आणि हा आजार भारतात कधीच आलेला नाही. तो शिरला असता तर काय झालं असतं, कल्पना करा. (आफ्रिकेत सफारीला जाणाऱ्यांकडे पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड मागतात, ते याच भीतीपोटी.)

मेलेल्या माकडांच्या आणि रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू सापडला, पण तो पीतज्वराचा नव्हता. त्याचं नातं निघालं थेट रशियातल्या मेंदूज्वराच्या एका विषाणूशी! आणि तो पसरवत होती गोचीड. सैबेरियाचा विषाणू मलनाडात कसा? स्थलांतर करणारे पक्षी तो घेऊन आले असतील, अशी एक शंका होती. त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं मुंबईच्या बीएनएचएसनं, डॉ. सलीम अली यांच्या पुढाकारानं, पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवून अभ्यास सुरू केला. पक्ष्यांवरचा तो आरोप काही सिद्ध झाला नाही, पण आपल्याकडच्या पक्ष्यांच्या स्थलांतराबद्दल मात्र खूप कळलं.

आता माकडाकडे वळू. नावामुळे माकडच दोषी वाटतं, ते मला पटत नाही. रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात हा विषाणू फिरत राहतो. माकडाला तो झाला की बहुतेक वेळा ते मरतं. मरेपर्यंत त्याचं रक्त प्यालेल्या गोचिडी विषाणू घेतात आणि ते मेल्यावर अंगावरून खाली उतरतात. मग त्या जागेभोवतीच्या पाचोळ्यात खसखशीएवढ्या पिल्लू गोचिडी वाट पाहत बसतात. तिथून जाणाऱ्या माणसाला त्या चावतात, आणि बऱ्याचदा चावलेलं कळतही नाही. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. गुरं स्वतः आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या रक्तावर गोचिडी वाढतात आणि गुरांबरोबर घराजवळ येतात.

कित्येक वर्षं हा आजार शिमोगा आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. नंतर तो सह्याद्रीच्या कुशीतून सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रुग्ण आढळले. काजूच्या बागेत काम करणारे, पाचोळा गोळा करणारे लोक. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

डिसेंबर ते मे हा याचा हंगाम, म्हणजे आपल्या सहलींचाही. तेव्हा या भागातल्या जंगलात पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका. परत आल्यावर अंघोळ करून अंग नीट तपासा: काखा, जांघा, कानामागे. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम ताप येतो. काहींना बरं वाटल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो उलटतो, आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर खास औषध नाही. जुन्या लशीचा फारसा उपयोग होत नसल्यानं कर्नाटकनं ती २०२२ मध्ये बंद केली, नवीवर काम चालू आहे. म्हणून सहलीहून आल्यावर ताप आला तर मनानं ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालेल. आणि डॉक्टरांना कुठल्या तालुक्यात, कुठल्या जंगलात गेला होता ते आपणहून सांगा, कारण डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आल्यावर पुढची तपासणी कोणती करायची, हे त्यावरून ठरतं.