डंजन्स अँड ड्रॅगन्स : जादूगारापुढे फायटर फिका का पडतो?

मित्रमंडळी टेबलाभोवती चार तास खेळतायत, पण त्यातल्या एकाच्या पात्राला करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. टेबलटॉप फँटसी गेम्समधली ही खूप जुनी तक्रार आहे. तिच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाला 'क्लास बॅलन्स' म्हणतात.

क्लास म्हणजे काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. यात डंजन मास्टर गोष्ट पुढे नेतो. बाकीचे खेळाडू एकेक पात्र घेतात आणि त्यांचं यशापयश फाशांवर ठरतं. पात्राचा पेशा म्हणजे क्लास. सुरुवातीला तीनच क्लास होते : फायटर, जादूगार आणि दैवी मंत्र वापरणारा क्लेरिक. १९७५ मध्ये त्यात चोराची भर पडली.

सगळे एकाच टीमचे, मग बॅलन्स कशाला?

इथे कुणी कुणाला हरवायचं नसतं, हे खरं. पण आपल्या पात्रावाचून टीमचं काहीच अडत नसेल, तर तो खेळाडू नुसता प्रेक्षक होतो. म्हणून खरा मुद्दा ताकदीपेक्षा उपयोगाचा आहे.

अडचण कुठे आली?

१९७८ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळायचा. त्याचे प्राण चार बाजूंच्या फाशावर ठरायचे, तर फायटरचे दहा बाजूंच्या. दुसरी लेव्हल गाठायला चोराला सुमारे १२५० गुण पुरायचे, फायटरला २०००, जादूगाराला मात्र २५००. थोडक्यात, आधी सोसा, मग राज्य करा.

२००० मधल्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना गुणांचा एकच तक्ता दिला. जादूगाराची वाढ मात्र जोरात राहिली. दहाव्या लेव्हलचा फायटर एका फेरीत तलवारीचे दोन वार करायचा. त्याच लेव्हलच्या जादूगाराचा फायरबॉल शत्रूंच्या अख्ख्या घोळक्यावर दहा फाशांचं नुकसान करायचा. त्याहून मोठा घाव लढाईबाहेर बसला. एका मंत्राने कुलूप उघडायचं, दुसऱ्याने उडता यायचं, तिसऱ्याने क्षणात दूरच्या ठिकाणी पोहोचता यायचं. मग चोराने करायचं काय?

यावर उपाय काय झाले?

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना एकाच साच्यात बसवलं. प्रत्येकाकडे कधीही, प्रत्येक चकमकीत एकदा आणि दिवसातून एकदा वापरायच्या शक्ती आल्या. बॅलन्स सुधारला, पण सगळे क्लास सारखेच वाटतात, अशी नाराजी आली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. जादूगाराला छोटे मंत्र हवे तितक्या वेळा वापरता येऊ लागले, त्यामुळे तो सुरुवातीला रिकामा बसत नाही. दुसरीकडे, एकाग्रता लागणारे मोठे मंत्र एका वेळी एकच चालवता येतात.

तरीही तक्रार का उरते?

याचं एक कारण टेबलावरच सापडतं. २०१४ च्या डंजन मास्टर गाइडनुसार टीम एका दिवसात साधारण सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी झेलू शकते. अशा दिवशी मंत्र जपून वापरावे लागतात आणि न थकता वार करणाऱ्या फायटरची किंमत कळते. दिवसात एकच लढाई असेल, तर जादूगार सगळे मोठे मंत्र तिथेच उधळतो आणि फायटर बघत राहतो.

म्हणजे बॅलन्सचं अर्धं काम पुस्तक करतं, उरलेलं डंजन मास्टरच्या हातात असतं. चकमकींची संख्या वाढवणं, एका मंत्राने सुटणार नाहीत अशी कोडी घालणं आणि प्रत्येक पात्राच्या हातखंड्याला वाव देणारा एखादा प्रसंग ठेवणं, एवढं केलं तरी टेबलावर कुणी नुसतं बसून राहत नाही.